संक्रांतीचा लखोटा

काळं झबलं, त्यावर पांढराशुभ्र हलवा आणि आत वर्षा-सव्वा वर्षाचं वळवळणारं पोर. फोटोग्राफरची खरी परीक्षा इथे, असं अण्णा म्हणायचे. भोरात त्यांचा स्टुडिओ होता तोवर लग्नाच्या फोटोंपेक्षा बोरन्हाणाच्या फोटोंवर त्यांचा जास्त जीव होता. मी त्यांच्या डार्करूममध्ये वाढले, म्हणून हे ठामपणे सांगते.

पांढऱ्याचा अंदाज धरून उजेड दिला की झबल्याचा नुसता काळा गोळा होतो. काळ्याचा धरला तर हलव्याचा हार म्हणजे छातीवर सांडलेला चुना. अण्णा फिल्मला उजेड थोडा जास्तच द्यायचे आणि डेव्हलपरमधून ती नेहमीपेक्षा लवकर बाहेर काढायचे. मग झबल्याच्या चुण्याही दिसायच्या आणि हलव्यावरचा काटाही. त्या हलव्याच्या काट्यासाठी कुणीतरी मंद शेगडीपुढे बसून, पाकाचे थेंब सोडत, बोटं भाजून घेतलेली असतात. तो फोटोत आलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तेव्हाची काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागे. तान्ह्या पोराला हे जमणार कसं? विलायतेत आईवर चादर टाकून तिच्या मांडीवर मूल बसवत आणि आई दिसू देत नसत. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचवली, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती सुधारत गेली आणि हलतं पोर काचेवर धरता येऊ लागलं. आपल्याकडे १९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. डोक्यावर हलव्याचा मुकुट आणि हातात हलव्याची बासरी घेऊन कॅमेऱ्यापुढे बसलेलं बोरन्हाणाचं मूल मला त्याच कुळातलं वाटतं.

पंत सचिवांचं भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं. त्यानंतर काही वर्षांनी अण्णांनी राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या ओसरीत स्टुडिओ मांडला. उत्तरेकडची खिडकी, समोर ताणून बांधलेलं पांढरं धोतर, पाट आणि मागे निळसर पडदा. फ्लॅशचा बल्ब ते पोरांवर उडवत नसत. एकदा दचकलेलं मूल त्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्याकडे बघत नाही.

संक्रांत ते रथसप्तमी हे बोरन्हाणाचे दिवस. भात झोडून झालेलं असे, आंबेमोहोराचे चार पैसे घरात आलेले असत. वेल्ह्याकडची माणसं नसरापूरला गाडी बदलून यायची, हिर्डोशीकडची सकाळच्या एस.टी.ने. बायकांच्या कडेवर पोर आणि हातात पितळी डबा, डब्यात कापसावर ठेवलेले दागिने. दागिने स्टुडिओतच घालायचे, कारण घरून घालून आणलं तर निम्मा हार वाटेतच पोटात जाई. लाळेने साखर विरघळली की काळ्या झबल्यावर पांढरे ओघळ उतरतात आणि ते काही केल्या लपत नाहीत. म्हणून फोटो आधी आणि बोरन्हाण नंतर, घरी गेल्यावर. एकदा डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले की पोर पाटावर कशाला बसतंय!

आणि हा फोटो घराच्या भिंतीसाठी नसायचा. तो पोस्टाने जायचा. बाप मुंबईत, गिरणीत नाही तर गोदीत. खोलीत दहा-पंधरा गाववाले, पोर जन्मल्यापासून त्याने एकदा बघितलेलं, दुसऱ्यांदा थेट शिमग्याला नाही तर जत्रेला. लखोट्यात कागदाच्या पुडीत चिमूटभर तिळगूळ, हलव्याचे चार दाणे, दोन ओळींचं पत्र आणि हा फोटो. एकशेवीसच्या फिल्मवरचा सव्वादोन इंची चौकोन, मोठा न करता तसाच कागदावर उतरवलेला. स्वस्त पडायचा आणि लखोट्यात दुमडावा लागत नसे.

विलायतेतल्या त्या चादरीखालच्या आया मी पुढे पुस्तकात पाहिल्या आणि अण्णांचं मोठेपण मला तेव्हा कळलं. मूल पाटावर तोल सावरत नसे, आईला मागून धरावं लागे.

“वहिनी, हात काढू नका.”

“आवं अण्णा, माजा हात दिसंल की फोटूत.”

“दिसू द्या. बघणाऱ्याला तोही बघायचाय.”

त्या काळातल्या फोटोंमध्ये झबल्याच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात असतोच. फोटोत बांगड्या करड्या दिसतात, पण मुंबईत बघणाऱ्याला रंग सांगावा लागत नसणार.

तिटीचंही तसंच. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही भीती आज्यांच्या मनात होती, म्हणून गालावर काजळाचा चांगला ठसठशीत ठिपका. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने डाग बुजवणं हे स्टुडिओतलं रोजचं काम, माझी आई ते करायची. ती देवीचे व्रण बुजवायची, शेंबडाची रेघ बुजवायची, तिटीला मात्र हात लावायची नाही. अण्णांनी हा धंदा शिकताना वापरलेल्या जुन्या ऑर्थो काचेला लाल रंग दिसत नसे. त्या वेळच्या फोटोंत कुंकूही काळं आणि तीटही काळी. पोरीच्या फोटोत कपाळावर एक नि गालावर एक, असे दोन काळे ठिपके दिसले की समजावं, फोटो त्या काळातला.

१८ जानेवारी १९८२ रोजी, संक्रांतीनंतर चारच दिवसांनी, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने उलटले तसे पुष्कळजण गावाकडे परतले, आमच्या खोऱ्यांतलेही. पुढच्या संक्रांतीला स्टुडिओत बाप आले. पोराला कसं धरावं हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नव्हतं. पोर अनोळखी माणसाकडे बघून रडायचं, आई बाजूला उभी राहून “तुजं बाबाच हाईत की रं” म्हणायची. त्या वर्षी अण्णांनी पुष्कळांकडून पैसे घेतले नाहीत. फोटो पाठवायचे कुणाला, हा प्रश्नच होता, तरी लोक आले. हाताला काम नसताना पोराचं बोरन्हाण केलं, हलव्याचे दागिने घातले आणि फोटो काढला, याचा मला आजही अभिमान वाटतो. काही जण पुन्हा मुंबईला गेले. बरेचजण गेलेच नाहीत.

रंगीत फिल्म आली, मग फोन आले. आता बोरन्हाण सुरू असतानाच व्हिडिओ पुण्याला, पुण्याहून अमेरिकेला पोचतो आणि आजोबांना पोराचं हसू ऐकू येतं, हे चांगलंच आहे. पण भोर-वेल्ह्यातली जुनी घरं झपाट्याने उतरवली जात आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका भंगारात चालल्या आहेत. त्यांत हे सव्वादोन इंची चौकोन असतात, कधी लखोट्यासकट, कारण मुंबईहून परतलेल्या माणसाने ते बरोबर आणलेले असतात. लखोटा फेकू नका. पोस्टाच्या शिक्क्यावर गाव असतं, तारीख असते. फोटोच्या मागे पोराचं नाव लिहिलेलं असेल आणि पुसट झालं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पुन्हा लिहा. मऊ शिसपेन्सिलीने, फोटो पालथा सपाट ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.