वाटाड्या यंत्राची बैठक

दुचाकीच्या हँडलवर वाट दाखविणारे यंत्र घट्ट बसावे म्हणून घरच्या घरी जी खटपट केली जाते, ती आजच्या मोबाइलच्या युगाची उपज आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी चाक, त्यावर जखडलेले मापनयंत्र आणि त्या दोहोंमध्ये हाताने घडविलेली बैठक या त्रयीचा इतिहास पुष्कळ जुना आहे. आणि त्यातील तिसऱ्या घटकाची नोंद दप्तरात क्वचितच ठेवली गेली, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

अशा यंत्राची नि बैठकीची परीक्षा पाहणाऱ्या वाटांसाठी वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीचे उदाहरण घेऊ. १८५३च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली आलेल्या वऱ्हाड मुलखातील हे गाव. वाशीमचा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडला, तो १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा निराळा झाला; परंतु सरहद्दींच्या या फेरफारांमुळे येथील वाटांच्या स्वभावात काही फरक पडला नाही. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात चाक गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळून हाडे खिळखिळी करते. याच तालुक्यातील पोहरादेवी हे ज्यांचे श्रद्धास्थान, त्या बंजारा समाजाचे तांडे बैलांवर धान्य नि मीठ लादून मुलूखभर फिरत, तेव्हा पाण्याची नि चाऱ्याची ठिकाणे तांड्याच्या नायकाला मुखोद्गत असत. जमाबंदीच्या मोजणीने पुढे ३३ फुटांची साखळी आणली. तिच्या चौरसाचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब शेतकऱ्याच्या जिभेवर बसला. साखळीने शेताची हद्द ठरली, दोन गावांमधील वाटेची लांबी ठरविण्यास मात्र चाकच हवे होते.

ते चाक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच कंपनीच्या फौजांच्या कूचाबरोबर हिंदुस्थानात फिरू लागले होते. 'पेरँब्युलेटर' नामक त्या एकचाकी उपकरणाला दांडा नि मुठी असत, एक माणूस ते ढकलीत चाले आणि चाकाच्या फेऱ्या तबकडीवर अंतराच्या रूपाने उमटत. हँडल धरून चालणाऱ्याच्या नजरेसमोर प्रवासाचा आकडा ठेवण्याची कल्पना येथे पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. तिचे वैगुण्यही येथेच उघड झाले: खाचखळग्यांतून उतरता-चढता चाक प्रत्यक्षाहून अधिक अंतर मोजी, आणि हादऱ्यांनी यंत्राच्या नाजूक भागांची हानी होई.

यंत्र आणि हात यांच्या नात्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण घालून देणारा माणूस वऱ्हाडाच्या शेजारीच चिरविश्रांती घेत आहे. १८०२ साली मद्रासेस त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लँबटन जानेवारी १८२३मध्ये हिंगणघाट येथे मृत्यू पावले. सुमारे अर्ध्या टनाचे त्यांचे थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना आपटले व त्याचे वर्तुळ वाकले. तेव्हा हा वृद्धत्वाकडे झुकलेला सेनाधिकारी तंबूत स्वतःला कोंडून घेऊन पाचरी, स्क्रू नि कप्प्या यांच्या साहाय्याने कित्येक आठवडे ते वर्तुळ तसूतसूने पूर्ववत करीत राहिला. शास्त्रज्ञाने लोहाराचे काम हलके मानले असते, तर ते यंत्र तेथेच निकामी झाले असते.

पुढे सायकल आली. तिच्या हँडलापाशी प्रथम मान मिळाला तो दिव्याला, कारण अंधारात बिनदिव्याची सायकल चालविणे हा गुन्हा होता. तेलाचा वा कार्बाइडचा दिवा ज्या लोखंडी पट्टीवर अडकविला जाई, तीच आजच्या फोनच्या बैठकीची खरी पूर्वज. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा यांनी नकाशे नि होकायंत्र यांच्या भरवशावर सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि १९२८च्या मार्चमध्ये ते परतले.

होकायंत्राची जागा पुढे उपग्रहांनी घेतली. अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएस उपग्रहांच्या संकेतांतील बुद्धिपुरस्सर घातलेला दोष काढून टाकला, तेव्हापासून खासगी माणसाच्या हातातील यंत्रही शंभर मीटरांऐवजी दहा-वीस मीटरांच्या आत ठिकाण सांगू लागले. परंतु हादऱ्यांचा जुना प्रश्न सुटला नाही. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरणयंत्रणा बिघडू शकते, असा इशारा २०२१ साली ॲपल कंपनीनेच दिला.

म्हणूनच घरगुती बैठक करणाऱ्याने प्रथम कंपनाचा विचार करावा. बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलची नळी सुमारे २२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्याभोवती जुन्या ट्यूबच्या रबराचे दोन वेढे द्यावेत, त्यावर वाकविलेली पत्र्याची पट्टी बसवावी, नट-बोल्ट वॉशरसह आवळावेत आणि फोनच्या पाठीशीही रबर ठेवावे. पत्र्याच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, कोठे तार ताणली जात नाही ना, ब्रेकचा दांडा अडत नाही ना. आणि पांदणीतून एक फेरी मारून आल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या हादऱ्यांत रबर दबते आणि पट्टी सैल होते.