शेपटीविना पतंग

संक्रांतीला कासलबारच्या लॉख लॅना तळ्याकाठी आपला कागदी पतंग घेऊन गेलात, तर अटलांटिकवरून येणारा वारा त्याच्या चिंध्या करील. त्यापेक्षा चार लांब काठ्या घ्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना कापडाची एकेक पट्टी गुंडाळा. दोन उघडी खोकी, मधे मोकळी जागा. झाला पेटी-पतंग. याला शेपूट लागत नाही; खोक्याच्या बाजूच त्याला सरळ धरतात.

हा पतंग १८९३ साली ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्हने बनवला. १२ नोव्हेंबर १८९४ला स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर असे चार पतंग एका दोरीला लावून तो स्वतः १६ फूट वर गेला. पेटंट मात्र घेतलं नाही. सगळं छापून मोकळा झाला. (मांज्याची कृती भावालाही न सांगणाऱ्या आपल्या मंडळींना हे पटायचं नाही!) १९०६मध्ये सांतोस-द्युमाँ पॅरिसला ज्या विमानातून उडाला, त्याचे पंख म्हणजे हीच खोकी.

पुढे विमानं लढाईवर गेली. मे १९१५मध्ये हारग्रेव्हचा एकुलता मुलगा गॅलिपोलीत मारला गेला. जुलैत तोही गेला. सिडनीत जागा न मिळाल्यामुळे त्याची मॉडेलं आधीच म्युनिकच्या संग्रहालयात पोचली होती. त्यातली बहुतेक दुसऱ्या महायुद्धात, विमानांतून पडलेल्या बाँबनी नष्ट झाली.