अणुयुद्धानंतरचा ब्लूज

ऑक्टोबर २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ हा व्हिडिओ गेम आला. अणुयुद्धात बेचिराख झालेलं वॉशिंग्टन आणि खेळाडूच्या मनगटावरच्या यंत्रातून वाजणारा रेडिओ: इंक स्पॉट्स, बिली हॉलिडे. कल्पना झकास, पण गाणी मोजकी. तीच ती ऐकून कान किटायचे.

डिसेंबरात गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने ‘गेक’ हे गेम घडवण्याचं साधन पीसीवाल्यांना फुकट दिलं आणि हौशी मंडळींनी रेडिओच ताब्यात घेतला. ध्वनिफाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, गाण्याची नोंद करायची, स्टेशनच्या यादीत क्रम लावायचा. काम निव्वळ कारकुनी. पण मग भग्न पुलाखालून जाताना डेल्टा ब्लूज या जुन्या अमेरिकन संगीताची गिटार ऐकू येते.

हे संगीत तिथे शोभतं, कारण तेही मोडतोडीतूनच वाचलेलं आहे. डेल्टा ब्लूज गाणाऱ्या चार्ली पॅटनच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. दर्जा यथातथाच. काही गाणी आज एखाद-दोन झिजलेल्या प्रतींवरच उरली आहेत. गेममध्ये असे बदल करणारे मॉडवाले त्या झिजेची खरखर बहुधा पुसत नाहीत, आणि बरंच करतात.

अडचण हक्कांची. २०१८ च्या अमेरिकन कायद्यानुसार गायिका मेमी स्मिथचं १९२० मधलं ‘क्रेझी ब्लूज’ हे ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२२ ला मुक्त झालं. डेल्टा ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनची १९३६ ची ध्वनिमुद्रणं मात्र अजून कुलुपात आहेत, निदान कागदोपत्री.