पाळीव सापांच्या रंगवाणांची किंमत

पाळीव सापांच्या एकाच जातीत आनुवंशिक बदलामुळे उमटणाऱ्या वेगळ्या रंगाला किंवा नक्षीला पैदासकार ‘मॉर्फ’ म्हणतात. या व्यापारातले मुख्य जनावर म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन. एरवी तो काळा-तपकिरी. अल्बिनो पिल्लू मात्र पांढऱ्या अंगावर पिवळी नक्षी आणि लालसर डोळे घेऊन अंड्याबाहेर येते. किंमत या देखणेपणाची असते असे वाटते. खरे तर तो रंग पुन्हा मिळवणे किती अवघड आहे, यावर ती ठरते. अल्बिनोचा गुण अप्रभावी आहे. नर-मादी दोघेही दिसायला साधे पण वाहक असतील, तर दर अंड्यामागे अल्बिनोची शक्यता चारांत एक. असे दोन गुण एकाच पिल्लात हवे असतील तर सोळांत एक, म्हणजे सहा अंड्यांत एकही न मिळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. मादी अंड्यावर यायला साधारण तीन वर्षे जातात, तोवरचे खाद्य आणि जागाही भावात धरली जाते. अल्बिनोची साधी दिसणारी भावंडे ‘६६ टक्के हेट’ (हेट म्हणजे वाहक) म्हणून विकतात, कारण त्यांतले प्रत्येक वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. इथे गिऱ्हाईक पैसे मोजते ते पैदासकाराच्या नोंदवहीवर विश्वास ठेवून.

मागणीच नसेल तर अवघडपणाला कोण विचारतो, हा आक्षेप रास्त आहे. पण मागणी असूनही भाव कोसळतो. पैदासकार बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये बंदिवासात अल्बिनो बॉल पायथन उबवले, तेव्हा एकेका पिल्लाला हजारो डॉलर पडत; आज ते त्याच्या लहानशा अंशात मिळते. रंग तोच राहिला, वाहक जनावरे मात्र वाढली. ‘स्पायडर’ या वाणात तर एकाच पालकाकडून गुण उतरतो, त्यामुळे निम्मी पिल्ले तशीच निपजतात. त्याच जनुकामुळे अंतर्कर्ण सदोष होऊन सापाची मान डुगडुगते, तरीही हा वाण वर्षानुवर्षे विकला गेला. जनावराच्या त्रासाला या हिशेबात रकानाच नाही, ही त्याची सर्वांत गंभीर उणीव.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या भातखाचरांच्या बांधावर निघणाऱ्या धामण, नाग, घोणस यांना असा भाव लावताच येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली त्यांना पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारखी परदेशी जनावरे बाळगायची तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. मग देशी सापांची पैदास कायदेशीर केली तर चोरटा व्यापार थांबेल, असा युक्तिवाद होतो. महाराष्ट्रात वारंवार पकडल्या जाणाऱ्या मांडुळाच्या तस्करीला तो लागू पडत नाही. बोथट शेपटीमुळे दुतोंड्या म्हटल्या जाणाऱ्या या सापाचा भाव रंगावर किंवा जनुकावर नव्हे, तर गुप्तधनाच्या अंधश्रद्धेवर आणि वजनावर ठरतो. वजनदार मांडूळ वाढवायला वर्षे लागतात, रानातले खणून काढायला मात्र जवळपास काहीच खर्च येत नाही. पैदाशीचा परवाना मिळाला तर त्याच कागदावर रानातली जनावरे खपवली जातील.