सातबारा आपल्या नावावर, 'इतर हक्क' कोणाचे?

दर वर्ष-दोन वर्षांनी एक मेसेज फिरून फिरून येतो. उद्यापासून फेसबुकचे नियम बदलणार, माझे फोटो आणि माझं लिखाण वापरायला मी परवानगी देत नाही, हा मजकूर कॉपी करून आपापल्या वॉलवर टाका. चांगले शिकलेसवरलेले लोकही तो इमानेइतबारे टाकतात. मूळ इंग्रजी मेसेजात तर रोम कराराचा हवाला असतो. हा करार १९९८चा. नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय त्यातून उभं राहिलं. आपल्या घरच्या बारशाच्या फोटोंशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मेसेज बिनकामाचा आहे, पण त्यामागची भीती खरी आहे. आपण इथे लिहितो, फोटो टाकतो, ते नक्की कोणाचं? या प्रश्नावर गेली तीस वर्षं कोर्टात भांडणं चालू आहेत. त्यातल्या दोन खटल्यांत फिर्यादी एकच माणूस होता. एकदा जिंकला, एकदा हरला. का, ते समजलं की निम्मा विषय समजला.

त्या माणसाचं नाव जोनाथन टॅसिनी. न्यूयॉर्कचा मुक्त पत्रकार. मुक्त म्हणजे पगारी नोकर नव्हे, लेख देणार आणि त्या लेखाचे पैसे घेणार. १९९३ साली त्याने आणि आणखी पाच लेखकांनी न्यूयॉर्क टाइम्ससह काही बड्या प्रकाशकांवर दावा ठोकला. तक्रार साधी होती. आम्ही लेख दिला तो छापील अंकासाठी. तुम्ही तो लेक्सिस-नेक्सिससारख्या इलेक्ट्रॉनिक संग्रहांना दिलात, तिथे तो पैसे घेऊन वाचायला मिळतो, आणि आम्हाला ना विचारलंत ना काही दिलंत.

प्रकाशकांचं म्हणणं असं, की जुने अंक जसे मायक्रोफिल्मवर ठेवतात तसेच हे. लेखकांनी उत्तर दिलं, मायक्रोफिल्मवर अख्खं पान दिसतं, इथे माझा एकट्याचा लेख सुटा काढून विकला जातोय. २५ जून २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिलं न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. सार एवढंच, की या वापराचा हक्क लेखकाने लिहून दिलेला नसेल तर तो लेखकाकडेच राहतो.

लेखक जिंकले, पण पुढे काय झालं बघा. टाइम्सने मुक्त लेखकांना सांगितलं, मागचा दावा सोडत असाल तर लेख ठेवतो, नाहीतर संग्रहातून काढून टाकतो. हजारो लेख खरोखरच काढले गेले. आणि नव्या लेखांसाठी सगळे हक्क आधीच लिहून घ्यायची पद्धत पक्की होत गेली. काही न बोललेला करार लेखकाला वाचवतो हे कळल्यावर, करार गप्प राहणार नाही याची सगळ्यांनीच काळजी घेतली.

मग आला 'आय अॅग्री'चा जमाना.

फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकने आपल्या अटींतून एक वाक्य गुपचूप वगळलं. तुम्ही मजकूर काढून टाकलात की आमचा परवानाही संपतो, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. तेव्हा फेसबुकवर साडेसतरा कोटींहून जास्त लोक होते. कन्झ्युमरिस्ट नावाच्या ग्राहकहिताच्या साइटने ही गोष्ट उघड केली, बोंबाबोंब झाली आणि तीनेक दिवसांत फेसबुकने जुन्या अटी परत आणल्या. लोकांनी आरडाओरडा करून अट मागे घ्यायला लावल्याचं हे बहुधा सगळ्यात मोठं उदाहरण. पण भांडण कशाचं होतं ते लक्षात घ्या. मालकी तुमचीच, हे फेसबुक तेव्हाही म्हणत होतं. वाद परवान्याच्या मुदतीचा होता.

इथे आपला सातबारा आठवा. नमुना सातवर खातेदार म्हणून नाव तुमचं असतं. पण त्याच पानावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. कूळ, बोजा, बँकेचं कर्ज, सगळं तिथे. जमीन घेणारा शहाणा माणूस मालकाचं नाव वाचून थांबत नाही, आधी इतर हक्क बघतो. आपल्या पोस्टचंही तसंच आहे. मालकाच्या रकान्यात नाव आपलं, आणि इतर हक्कात नोंद असते: जगभर चालणारा, फुकट, दुसऱ्याला देता येणारा परवाना. या नोंदीवर सही आपण केलेली असते, खातं उघडताना, न वाचता.

टॅसिनीचा दुसरा खटला इथेच आपटला. हफिंग्टन पोस्ट २००५मध्ये सुरू झालं. हजारो लोक तिथे फुकट लिहायचे, टॅसिनीही त्यातलाच. फेब्रुवारी २०११मध्ये एओएल कंपनीने ही साइट ३१.५ कोटी डॉलरला विकत घेतली. लिहिणाऱ्यांच्या हातात भोपळा. टॅसिनीने फुकट लिहिणाऱ्या सगळ्यांच्या वतीने १०.५ कोटी डॉलरचा दावा केला. मार्च २०१२मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असताना तुम्ही लिहिलंत, प्रसिद्धी मिळेल एवढंच सांगितलं होतं आणि ती मिळाली, आता साइट विकली गेली म्हणून सौदा बदलता येणार नाही. वरच्या कोर्टानेही हेच कायम केलं.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. पण ३१.५ कोटींमध्ये त्या हजारो लोकांच्या घामाचा वाटा शून्य होता, असं कोण म्हणेल?

मग परवाना दिला म्हणजे सगळंच गेलं का? नाही. डॅनियल मोरेल हे हैतीचे छायाचित्रकार. १२ जानेवारी २०१०ला हैतीत भीषण भूकंप झाला. मोरेल यांनी त्याच दिवशी फोटो काढले आणि ट्विटरला जोडलेल्या ट्विटपिकवर टाकले. दुसऱ्या एकाने ते स्वतःचे म्हणून पुन्हा टाकले. तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटी इमेजेसमार्फत जगभर वाटले, नाव भलत्याचंच. मोरेल यांनी हरकत घेतल्यावर कोर्टात आधी कोण गेलं असेल? एएफपी! तिचा युक्तिवाद असा, की ट्विटरवर टाकलेलं कोणीही वापरावं असं ट्विटरच्या अटीच सांगतात. जानेवारी २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो धुडकावला. परवाना ट्विटरशी झालेला आहे, तो एएफपीला लागू होत नाही. नोव्हेंबरमध्ये ज्युरीने एएफपी आणि गेटीला मिळून १२ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

म्हणजे कूळ लावलं म्हणून वाटसरूला ऊस तोडून न्यायचा हक्क मिळत नाही.

सगळीकडे करार एकतर्फीच असतो असंही नाही. विकिपीडियाचं बघा. तिथे लिहिणाऱ्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, पण तो मुक्त परवाना देतो आणि तोही सगळ्या जगाला, एकट्या कंपनीला नाही. याचा उपयोग २००२मध्ये दिसला. विकिपीडियावर जाहिराती येणार अशी चर्चा निघाली, तेव्हा स्पॅनिश विकिपीडियातले बरेच लोक आपलं लिखाण घेऊन उठले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी 'एन्सिक्लोपेडिया लिब्रे' सुरू केला. नांगरलेलं शेत घेऊन दुसऱ्या गावी जाता आलं! विकिपीडियावर आजही जाहिराती नाहीत. १ मे २००३पासून चालू असलेला आपला मराठी विकिपीडियाही याच तत्त्वावर उभा आहे.

हे सगळं आज पुन्हा उकरायचं कारण एआय. २०२४च्या फेब्रुवारीत बातमी आली, की रेडिटने लोकांच्या गप्पा आणि उत्तरं वापरू देण्याचा करार गूगलशी केला, वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरला. लिहिणाऱ्यांना त्यातलं काही नाही. त्याच मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला. निषेध म्हणून काहींनी स्वतःची जुनी उत्तरं पुसायला घेतली, तर त्यांची खातीच काही काळ बंद केली गेली. टॅसिनीचा दुसरा खटला, फक्त आकडे नवे.

आता आपल्याकडचं. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाने लिहिलं त्या क्षणी तो पहिला मालक होतो, नोंदणीची सक्ती नाही. लिखाणावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश नमूद केला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७ असं, की हक्क विकला तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

मोठ्या कंपन्यांवर आपण तावातावाने बोलतो. पण कोणाचा तरी जीव ओतून लिहिलेला लेख, खालचं नाव उडवून, 'साभार व्हॉट्सअॅप' किंवा 'लेखक अज्ञात' लिहून पुढे कोण ढकलतं? कधी त्यावर पुलंचं नाव चिकटवून? ते काम कुठल्याही कंपनीचं नाही, आपलंच आहे. कंपनीने निदान परवाना घेतलेला असतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. एक, जे लिखाण तुम्हाला मोलाचं वाटतं त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं, तेव्हा मालकी लोकांचीच होती, पण घराची किल्ली नव्हती. दोन, पुढच्या वेळी एखादा लेख आवडला तर नावासकट पाठवा, आणि नाव माहीत नसेल तर आधी शोधा.

हीसुद्धा पोस्ट पुढे पाठवायला हरकत नाही. नाव तेवढं राहू द्या.