चरित्राचे संपादन: बालगंधर्व आणि गोहरबाई

कलावंताच्या कीर्तीचे रक्षक त्याच्या खाजगी जीवनाचे संपादन कसे करतात, याचे युरोपीय प्रबोधनकाळातील ठळक उदाहरण मायकेलँजेलोचे आहे. १६२३ साली त्याच्या भावाच्या नातवाने त्याच्या कविता छापल्या, तेव्हा पुरुषाला उद्देशून लिहिलेल्या प्रेमकवितांतील सर्वनामे स्त्रीवाचक केली. मूळ पाठ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत असे संपादन कवितेचे नव्हे, तर चरित्राचे झालेले दिसते. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या चरित्रकथनांचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

'मानापमान'मधील (१९११) भामिनी, 'स्वयंवर'मधील (१९१६) रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधील (१९१९) सिंधू या भूमिकांनी मराठी मध्यमवर्गाला आदर्श स्त्रीत्वाची प्रतिमा दिली. घरंदाज स्त्रिया त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण करीत. या भूमिकांवरून नटाच्या लैंगिकतेविषयी तर्क करण्याचा मोह होतो. परंतु पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हा तत्कालीन रंगभूमीचा रूढ संकेत होता. तो खाजगी इच्छेचा पुरावा ठरत नाही. त्यातून प्रकट होते ती प्रेक्षकसमाजाची इच्छा. पुरुषदेहावर पाहिलेले स्त्रीत्व या समाजाला निर्धोक वाटत होते.

या धारणेची कसोटी गोहरबाई कर्नाटकी यांच्या रूपाने लागली. गंधर्वगायकी आत्मसात केलेल्या या गायिका १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंधर्वांच्या सहवासात आल्या. १९५१ मध्ये दोघांचा विवाह झाला. गंधर्वांच्या ऱ्हासाला गोहरबाई कारणीभूत झाल्या, हे सूत्र पुढे अनेक चरित्रकथनांत रूढ झाले. कालक्रम मात्र त्याला दुजोरा देत नाही. गंधर्व नाटक मंडळी १९२० च्या दशकातच कर्जात बुडाली होती. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात स्वतः गंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. म्हणजे स्त्रीभूमिकेचा संकेत गोहरबाईंच्या आगमनापूर्वीच ओसरू लागला होता.

पुरुषाने साकारलेली स्त्री वंदनीय ठरली. त्याच गायकीची वारसदार असलेली मुस्लिम स्त्री मात्र दोषास पात्र ठरली. मायकेलँजेलोच्या संपादकाने सर्वनामे बदलली. येथे कारणांचा क्रमच बदलला गेला. तो क्रम पूर्ववत लावणे हे कलावंताच्या शयनगृहात डोकावणे नव्हे. ते नाट्येतिहासाच्या पाठचिकित्सेचेच कार्य आहे.