रुथवेल क्रूस

रुथवेल क्रूस हा स्कॉटलंडच्या डम्फ्रीशायर भागातील रुथवेल या खेड्याच्या चर्चमध्ये असलेला, सुमारे साडेपाच मीटर उंचीचा कोरीव दगडी क्रूस आहे. तो इ.स.च्या ८व्या शतकातील मानला जातो. त्या काळी हा प्रदेश नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्यात मोडत असे.

शिल्प व लेख

क्रूसाच्या दोन रुंद बाजूंवर ख्रिस्ती धर्मपरंपरेतील प्रसंग कोरलेले आहेत. ख्रिस्ताचे पाय पुसणारी स्त्री, आंधळ्याला दृष्टिदान, वाळवंटात भाकरी मोडणारे संत पॉल व अँथनी ही त्यांतील काही शिल्पे होत. त्यांच्या चौकटींवर लॅटिन मजकूर आहे. अरुंद बाजूंवर द्राक्षवेल असून तिची फळे पशुपक्षी खात आहेत. या वेलीच्या कडेने रून लिपीत प्राचीन इंग्रजी काव्यपंक्ती कोरल्या आहेत. त्यांत बोलतो तो क्रूसच: प्रभूला आपल्यावर चढवले, आपण रक्ताने भिजलो, तरी वाकण्याचे धाडस केले नाही, असे तो सांगतो. हा मजकूर कवितेचा आहे, हे जॉन मिचेल केंबल या अभ्यासकाने १८४० मध्ये दाखवले. इटलीतील व्हेर्चेल्ली येथील १०व्या शतकाच्या हस्तलिखितात याच आशयाची दीर्घ कविता आढळते. दगडावरील पाठ त्याहून जुना असल्याने इंग्रजी काव्याच्या इतिहासात त्याला मोठे मोल आहे.

विध्वंस व जतन

सुधारणावादी स्कॉटिश चर्चच्या सर्वसाधारण सभेच्या आदेशानुसार १६४२ मध्ये हा क्रूस मूर्तिपूजेचे चिन्ह म्हणून फोडण्यात आला. त्याचे तुकडे दीर्घकाळ चर्चमध्ये व नंतर आवारात पडून होते. अनेक अक्षरे कायमची झिजली. ज्या चर्चच्या आदेशाने तो फुटला, त्याच चर्चचे स्थानिक पाळक हेन्री डंकन यांनी तुकडे जमवून १८२३ मध्ये तो आपल्या निवासस्थानाच्या बागेत उभारला. (बचत बँकेचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे डंकन ते हेच.) मूळ आडवा दगड न सापडल्याने त्यांनी तो कल्पनेने नवा घडवून घेतला. वरचा मूळ दगड मात्र उलट्या तोंडाने बसवला गेला आणि आजही तसाच आहे.

१८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याखाली १८८७ मध्ये क्रूसाला संरक्षण मिळाले. त्याच वर्षी ऊनपावसापासून जपण्यासाठी तो चर्चमध्ये हलवण्यात आला. तेथील छत त्याच्या उंचीला पुरेना, म्हणून त्याच्याभोवतीची जमीन खोल करण्यात आली. त्यामुळे आज पाहणारा कठड्याशी उभा राहतो आणि क्रूसाचा पाया त्याच्या पायांखालच्या पातळीवर असतो.